मूल बोलू लागते तेव्हा

घरात मूल पहिला शब्द बोलले की आपण पेढे वाटतो. पण ते शिकले कसे, याचा विचार क्वचितच करतो.

हे शिक्षण जन्माआधीच सुरू होते. नवजात बालक आईचा आवाज ओळखते व तोच अधिक पसंत करते, हे १९८० साली अमेरिकेत डीकॅस्पर व फायफर यांनी प्रयोगाने दाखविले. १९८४ मध्ये कॅनडातील वर्कर व टीज यांना आढळले की, इंग्रजीभाषक घरांतील सहा-आठ महिन्यांच्या बहुतेक बालकांना हिंदीतील 'त' आणि 'ट' यांतील फरक कळतो. वर्षाची होईपर्यंत ती जाण बहुतांशी जाते. म्हणजे मूल कोणतीही भाषा शिकण्याची तयारी घेऊन येते आणि पुढे घरच्या भाषेत मुरते.

सहाव्या महिन्याच्या सुमारास 'बाबाबा', वर्षाच्या आसपास पहिला शब्द, दीड-दोन वर्षांत 'आई पाणी' असे दोन शब्द. पुढे ते 'मी करलं', 'बाबा जाले' म्हणते. असे कोणीही मोठे माणूस बोलत नाही! 'बसलं', 'पडलं' ऐकून मुलाने स्वतःच नियम शोधलेला असतो. अशा वेळी हसू वा रागावू नये. 'हो, बाबा गेले' एवढे म्हणावे.

२००३ साली कूल यांच्या प्रयोगात नऊ महिन्यांची अमेरिकन बालके माणसांसोबत खेळताना चिनी ध्वनी शिकली. तेच पडद्यावर दाखविले तेव्हा शिकली नाहीत. म्हणून टीव्ही वा मोबाईल आजीची जागा घेऊ शकत नाही.

आपल्यापैकी अनेकजण घरच्या बोलीची लाज बाळगून मुलांशी तुटक इंग्रजीत बोलतात. त्यामुळे मुलाच्या वाट्याला मोजकेच शब्द येतात. इंग्रजी अवश्य शिकवावी. मूल दोन भाषा सहज पेलते. पण गोष्टी, प्रश्न, गप्पा आपल्याला भरभरून येते त्या भाषेतच व्हाव्यात.

आणखी एक. मूल हाकेला वळत नसेल, किंवा दीड वर्षाचे होऊनही एकही शब्द बोलत नसेल, तर 'त्याचा बापही उशिराच बोलला' म्हणून थांबू नये. कान ताबडतोब तपासून घ्यावेत.

बुद्धवचन छंदात बांधण्याची दोन भिक्खूंची विनंती तथागतांनी नाकारली, असे विनयपिटकातील चुल्लवग्गात येते. लोकांनी धम्म आपापल्या भाषेत शिकावा, असा त्याचा अर्थ अनेक अभ्यासक लावतात. ज्या भाषेत धम्म सांगता येतो, त्या भाषेत लेकराशी बोलायला आपण का लाजावे? आज संध्याकाळी घरी गेल्यावर दहा मिनिटे मुलाशी बोलू या. सुरुवात तेथूनच होते.

जय भीम!