चिमुकल्या राष्ट्रांचा योगक्षेम

18 सप्टेंबर 2017 च्या रात्री ‘मारिया’ नावाचे चक्रीवादळ ताशी सुमारे 270 किलोमीटर वेगाच्या वाऱ्यांसह पूर्व कॅरिबियन समुद्रातील डॉमिनिका या बेटावर चालून आले, आणि उजाडले तेव्हा त्या राष्ट्रातील दहांपैकी नऊ घरांची छपरे उडालेली किंवा मोडकळीस आलेली होती. पंतप्रधान रूझवेल्ट स्केरिट यांच्या निवासस्थानाचे छप्परही त्यांतच गेले होते. वीज, रस्ते, दूरध्वनी सारेच एका रात्रीत बंद पडले, आणि आरंभीचे कित्येक तास जगाशी संबंध राहिला तो काही हौशी रेडिओचालकांच्या यंत्रांमुळे. पुढे हिशेब झाला तेव्हा हानी सुमारे 130 कोटी डॉलर, म्हणजे त्या देशाच्या वार्षिक राष्ट्रीय उत्पन्नाच्या सव्वादोनपट भरली.

सत्तर हजारांच्या आसपास वस्तीच्या आणि 750 चौरस किलोमीटर विस्ताराच्या देशाच्या बाबतीत या आकड्याचा अर्थ काय, हे नीट ध्यानात घेतले पाहिजे. 3 जून 2020 रोजी ‘निसर्ग’ वादळाने रायगड जिल्ह्यातील नारळी-पोफळीच्या वाड्या भुईसपाट केल्या, ते संकट ज्यांच्यावर कोसळले त्यांच्यापुरते अपरंपार होते. परंतु त्यांच्या पाठीशी बहुतांशी शाबूत असलेला महाराष्ट्र आणि त्याच्याही मागे सगळा भारत उभा होता. मोठ्या देशात आपद्ग्रस्त प्रांताचा भार सुरक्षित प्रांत उचलतात. डॉमिनिकासारख्या बेटाला असा उरलेला देशच नसतो. राजधानी, बंदर, रुग्णालय, खजिना आणि शेत ही सारी एकाच झंझावाताच्या व्यासात सामावतात. म्हणून अशा राष्ट्राने मोठ्या देशाला जे आपत्तीनंतर इतर प्रांतांकडून मिळते, ते आपत्तीपूर्वीच आपल्या घरांच्या बांधणीत, आपल्या खजिन्यात आणि आपल्या जमिनीत साठवून ठेवले पाहिजे.

ही निकड दिवसेंदिवस वाढते आहे, याचे कारण समुद्राच्या उष्णतेत आहे. साडेसव्वीस अंश सेल्सिअसच्या वर तापलेल्या सागरपृष्ठावरून उठणारे बाष्प उंचावर जाऊन पुन्हा जलरूप होते, त्या क्रियेत मुक्त होणाऱ्या अप्रकट उष्णतेवर चक्रीवादळ पोसले जाते. आणि तापमान एका अंशाने चढले की हवेची बाष्प धरून ठेवण्याची क्षमता सुमारे सात टक्क्यांनी वाढत असल्याने पर्जन्यही तितकाच दारुण होतो. 17 सप्टेंबर रोजी पहिल्या श्रेणीत असलेले मारिया दुसऱ्या दिवशी सायंकाळी पाचव्या, म्हणजे सर्वोच्च श्रेणीत पोहोचले होते. सावधगिरीची सूचना मिळाल्यावर तयारी करू म्हणणाऱ्यास आता एवढा अवकाशही मिळेलच असे नाही.

पहिला साठा छपरात करावयाचा. वाऱ्याचा दाब त्याच्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे वेग दुप्पट झाला की दाब चौपट होतो. आणि छप्पर बहुधा त्या दाबाखाली मोडत नाही, ते वर खेचले जाते. उताराच्या माथ्यावरून वेगाने जाणारा वारा तेथे शोषण निर्माण करतो, आणि त्याच वेळी एखादी खिडकी फुटून वारा आत शिरला तर घराच्या पोटातील हवा छपराला खालून ढकलू लागते. यावरील उपाय खर्चिक नाहीत. दोन पाखांच्या ठेंगण्या छपराऐवजी चारही बाजूंना पुरेसा तीव्र उतार असलेले छप्पर घालावे, वळचण आखूड ठेवावी, वासे भिंतींशी आणि भिंती पायाशी पोलादी पट्ट्यांनी जखडाव्यात, आणि पडवीचे छप्पर मुख्य छपरापासून वेगळे बांधावे, म्हणजे ते उडाले तरी घराचे छत सोबत नेणार नाही. मारियानंतर डॉमिनिकाने बांधकामाचे नियम याच धोरणाने कडक केले, आणि वादळांस पुरून उरणारे राष्ट्र घडविण्याचा संकल्प करून त्याच्या अंमलबजावणीसाठी 2018 साली स्वतंत्र सरकारी यंत्रणा स्थापिली.

दुसरा साठा खजिन्यातला. आपल्याकडे नुकसानभरपाईपूर्वी पंचनामा होतो. परंतु ज्या देशाचे पंचनामा करणारे अंमलदारच बेघर झाले, त्याने मदतीची वाट किती दिवस पाहावी? 2004 साली ‘इव्हान’ वादळाने त्याच समुद्रातील ग्रेनेडा या बेटराष्ट्राची वार्षिक उत्पन्नाच्या दुपटीइतकी हानी केली, त्या अनुभवातून 2007 साली कॅरिबियन राष्ट्रांनी सामाईक विमानिधी उभारला. येथे पंचनाम्याची वाट पाहिली जात नाही. वाऱ्याचा वेग आणि वादळाचा मार्ग यांच्या नोंदींवरून रक्कम ठरते आणि चौदा दिवसांच्या आत सरकारच्या हाती पडते. मारियानंतर डॉमिनिकाला अशा रीतीने सुमारे 1 कोटी 90 लाख डॉलर मिळाले. 130 कोटींच्या हानीपुढे ही रक्कम अल्प असली, तरी सरकारी कारभाराची घडी पुन्हा बसविण्यासाठी आरंभीच्या दिवसांत तिचे मोल फार मोठे होते. ग्रेनेडाने त्यापुढे एक पाऊल टाकले. वादळ आल्यास कर्जाचे हप्ते तहकूब राहतील, असे कलम तिने आपल्या कर्जरोख्यांत घालून घेतले, आणि 1 जुलै 2024 रोजी ‘बेरिल’ने तिच्या कॅरिआकू बेटाची धूळधाण केली तेव्हा त्याच कलमाचा आधार घेऊन सावकाराकडे जाणारा पैसा पुनर्वसनाकडे वळविला.

तिसरा साठा जमिनीतला. ग्रेनेडाच्या जायफळाच्या बागा इव्हानने उन्मळून पाडल्या, आणि जायफळाचे नवे झाड फळावर यायला कित्येक वर्षे लागतात. केळीच्या बागा तर एका रात्रीत आडव्या होतात. परंतु कंदमुळांचे पीक जमिनीखाली असल्याने वाऱ्याच्या तडाख्यातून पुष्कळसे बचावते. आपल्या परिचयाच्या अळूचा कंद डॉमिनिकात नित्याच्या आहारात आहे. निर्यातीच्या पिकांबरोबर अशा पिकांस जागा राखणे हा संकटकाळच्या धान्यकोठाराचाच प्रकार होय.

तथापि या तिन्ही साठ्यांची सिद्धता त्या चिमुकल्या राष्ट्रांनी एकट्यानेच करावी, असे म्हणणे न्यायाचे होणार नाही. ऑगस्ट 2015 मधील ‘एरिका’ने डॉमिनिकाच्या वार्षिक उत्पन्नाच्या सुमारे नव्वद टक्के हानी केली होती, तो संसार पुरता सावरण्यापूर्वीच दोन वर्षांत मारिया आले. ज्याचा एक संसार उभा होतो न होतो तोच दुसऱ्यांदा मोडतो, त्याच्या हाती भविष्यासाठी शिल्लक कोठून पडणार? आणि ज्या धूम्रामुळे सागर तापला, त्यात या द्वीपराष्ट्रांचा वाटा नगण्य आहे. 2022 साली शर्म अल-शेख येथील जागतिक हवामान परिषदेत हानिपूर्तीच्या निधीचा ठराव संमत झाला, तो या न्यायाचा उशिरा झालेला स्वीकार होय. त्याआधी 2019 साली भारताच्या पुढाकाराने आपत्तीत टिकणाऱ्या पायाभूत सुविधांसाठी देशांची आघाडी स्थापन झाली, आणि 2021 च्या ग्लासगो परिषदेत तिने द्वीपराष्ट्रांसाठी खास योजना आरंभिली. लांब किनारा आणि वादळांचा दीर्घ अनुभव असलेल्या आपल्या देशाने या कार्यात अग्रभागी राहावे, हे सर्वथा उचित आहे. ज्या बेटांना उरलेला देश नाही त्यांच्यासाठी तो देश उरलेल्या जगानेच झाले पाहिजे, आणि तेही छपरे उडण्यापूर्वी, ठरलेल्या रकमेने व ठरलेल्या मुदतीत.