मायनस बावीस, म्हणजे किती?

फायबरची जोडणी द्यायला आलेला मुलगा वायरीचं टोक पॉवर मीटरला लावतो, "मायनस बावीस इला, चलतला" म्हणतो आणि पुढच्या घरी जातो. घरमालकाच्या डोक्यात ते 'मायनस' तेवढं उरतं.

त्यात घाबरण्यासारखं काही नाही. एक मिलिवॉटला शून्य धरून डेसिबलमध्ये मोजलेली ही प्रकाशाची ताकद आहे. उणे १० म्हणजे मिलिवॉटचा दहावा भाग, उणे २० म्हणजे शंभरावा. दर ३ डेसिबलला प्रकाश निम्मा होतो. फायबर ज्यात येतं तो घरातला डबा साधारण उणे २७ पर्यंत तग धरतो, त्यामुळे बावीस चालतं. सव्वीस मात्र काठावरचं.

निघालेली आणि पोचलेली ताकद यांतली तफावत म्हणजे क्षीणन. २००५ साली बीएसएनएलचं 'डेटावन' हे फोनच्या तारेवरचं ब्रॉडबँड आलं तेव्हा हा आकडा मोडेमच दाखवायचा, आणि तो मुख्यतः अंतराचा असे. तांब्याची जोडी किलोमीटरला तेरा-चौदा डेसिबल खायची. एक्स्चेंजपासून चार किलोमीटरवर राहणाऱ्याने कितीही मोठा प्लॅन घेतला तरी वेग रडतखडतच. त्यात खाऱ्या वाऱ्याने जोडांवर हिरवा कळंक चढला की फोनात खरखर सुरू.

फायबरला अंतराचं फारसं काही वाटत नाही. मालवणहून देवबागपर्यंत तीन-चार डेसिबलही जायचे नाहीत. खरा खादाड स्प्लिटर. एका धाग्यातला प्रकाश ३२ घरांत वाटायचा म्हणजे पाच वेळा निम्मा करायचा: पंधरा डेसिबल तिथेच गेले, प्रत्यक्षात सतराच्या आसपास. उरलेली गळती जोडांत, धुळीत आणि वळणांत. माडाच्या झावळीखाली दबून वायर मुडपली की आकडा लगेच घसरतो. हिरव्या टोपीचा कनेक्टर तिरका घासलेला असतो, निळ्याचा तसा नसतो. घाईत हिरव्याला निळा जोडला तरी काही डेसिबल फुकट जातात.

म्हणून जोडणीच्या दिवशीचा आकडा तारखेसह डब्यावर लिहून ठेवावा. पहिल्या दिवशी २४ असलेली लाइन आजही २४ वर असेल तर ती ठणठणीत. १८ वरून २४ वर आली असेल तर कुठेतरी काहीतरी बिघडलंय. तक्रार करताना 'नेट स्लो' म्हणण्यापेक्षा हे दोन आकडे सांगितले तर लाइनमनचा अर्धा शोध वाचतो. वायरीच्या टोकात मात्र डोकावू नये. तो प्रकाश डोळ्यांना दिसत नाही, पण इजा करू शकतो.

आणि आकडा उणे २० असूनही माजघरात व्हिडिओ अडखळत असेल तर दोष बहुधा फायबरचा नाही. पुरेसा प्रकाश पोचतो तोवर फायबर पूर्ण वेगाने चालतं. फारच कमी झाला की लाल दिवा लागतो. जांभ्या चिऱ्यांच्या जाड भिंती वाय-फाय गिळतात. राउटर पडवीतून आत आणून बघा, तक्रार मग नोंदवा.