मतं जास्त, तरी सत्ता गेली

निवडणुकांच्या आकड्यांचा नाद असलेला माणूस ब्रिटनच्या १९५१ च्या निकालापाशी थबकतोच.

मतदान २५ ऑक्टोबरला झालं. पंतप्रधान ॲटलींच्या मजूर पक्षाला सुमारे १ कोटी ३९ लाख मतं, तर हुजूर पक्ष व मित्रांना १ कोटी ३७ लाख. जागा मात्र २९५ विरुद्ध ३२१! शहात्तर वर्षांचे चर्चिल पुन्हा पंतप्रधान झाले.

असं कसं?

खाणकामगारांच्या पट्ट्यात मजूर पक्षाच्या मतांचे ढीग लागले. पण जागा एका मताने जिंका की तीस हजारांनी, मिळते एकच. त्यात उदारमतवाद्यांनी जेमतेम १०९ उमेदवार दिले आणि त्यांची बरीच मतं हुजूर पक्षाकडे वळली.

त्याच दिवशी हिमाचलमधल्या चिनी नावाच्या गावात भारताच्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीचं मतदान सुरू झालं. पद्धतही ब्रिटनसारखीच: ज्याला जास्त मतं, जागा त्याची.