योद्धा गुरु होतो तेव्हां

जुहूच्या विमानतळावर १९२९ सालीं जे. आर. डी. टाटा उड्डाण शिकले. उड्डाण शिकविण्याची जगभर रुळलेली पद्धत मात्र युद्धांत जन्मली. मेजर स्मिथ-बॅरी हे पहिल्या महायुद्धांतील एका लढाऊ पथकाचे नायक. अर्धवट शिकलेले तरुण आघाडीवर प्राणांस मुकतात, हें पाहून त्यांनीं १९१७ सालीं गॉस्पोर्ट येथें शिक्षकांची शाळा चालविली. विमानास दुहेरी सुकाणूं, गुरुशिष्यांत बोलण्याची नळी. आणि विमानाची गिरकी टाळावयाची नाहीं, ती मुद्दाम घेऊन तींतून सुटावयाचें! योद्ध्याचा हात झटपट चालतो. गुरूला तो आवरावा लागतो. शिष्याची चूक त्यालाच सुधारूं द्यावी, परंतु प्राणांवर बेतण्यापूर्वीं सुकाणूं हातीं घ्यावें. तो क्षण ओळखणें हीच गुरुविद्या. आपलें वायुदल ती आज तांबरमच्या शाळेंत शिकवितें.