आवाज आणि शब्द : घरच्या संगणकास स्पीकर घेताना

आपल्या संघाच्या स्मरणिकेसाठी आम्ही आजवर जे चार-दोन लेख लिहिले, ते सारे कडधान्याची आवक, मालाची साठवण आणि बाजार समितीचे नियम यांविषयीचे होते. यंदा संपादक मंडळाचा निरोप आला तेव्हा कौटुंबिक उपयोगाचा एखादा विषय घ्यावा असे मनात आले. आणि ज्या व्यवहारात आम्ही स्वतः फसलो, त्यावरच लिहावे हे ठरविले. विषय तसा लहान आहे. घरच्या संगणकास माफक किमतीचा, परंतु खरोखर उपयोगी पडणारा स्पीकर कसा निवडावा, एवढाच तो आहे. चाळीस वर्षे पोत्यात हात घालून ज्याने धान्य पारखले, त्याने दोन-तीन डब्यांच्या खरेदीत फसावे, हे सांगताना संकोच वाटतो. तथापि आमच्या चुकीतून एखाद्या वाचकाचे चार पैसे वाचले, तर तो संकोच सार्थकी लागला असे आम्ही समजू.

आमचे थोरले बंधू, ज्यांस घरात सर्वजण अण्णा म्हणतात, आता ऐंशीच्या घरात आहेत. बेळगावच्या पेठेत त्यांनी उभी हयात घालविली. परंतु गुडघ्यांनी दगा दिल्यापासून दुकान सुटले आणि मंदिराच्या पायऱ्याही सुटल्या. नातवाच्या अभ्यासासाठी घरी संगणक आला, तो माजघरात ठेवला. त्यावर सकाळी प्रवचन ऐकावे आणि रविवारी रात्री हैदराबादेस दिलेल्या आपल्या कन्येशी बोलावे, असा अण्णांचा क्रम पडला. पडद्याच्या मागे कंपनीने बसविलेल्या स्पीकरचा आवाज फारच क्षीण होता. तेव्हा अण्णांस नीट ऐकू यावे म्हणून वेगळा संच आणण्याचे आम्ही मनावर घेतले.

दुकानात गेलो. खोक्यावर ठळक अक्षरांत ‘५००० वॅट’ असे छापलेले होते. छापील किंमत नऊ हजार. ती आम्हांस साडेचार हजारांत मिळाली. एक पाटाएवढा मोठा डबा आणि त्याबरोबर दोन लहान, असा तो संच. विक्रेत्याने गाणे लावले तेव्हा काचेचे कपाट हादरले. घासाघीस करून निम्म्या किमतीत माल आणल्याच्या आनंदात आम्ही घरी आलो. मोठा डबा मेजाखाली कोपऱ्यात बसविला. सारे घर दुमदुमून गेले. अण्णाही रोज सकाळी समोर तासभर बसत आणि मान डोलावीत.

महिनाभराने एके दिवशी, आदल्या दिवशीच्या प्रवचनातील एक दृष्टान्त आम्हांस अर्धवट आठवत होता, म्हणून सहज अण्णांस विचारले. ते थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, “आवाज येतो रे, भरपूर येतो. शब्द कळत नाहीत.”

“मग अण्णा, इतके दिवस सांगितलं का नाही तुम्ही?”

“तू एवढ्या हौसेनं आणलास. काय सांगायचं?”

ते ऐकून आम्हांस जे वाटले ते लिहिण्यात अर्थ नाही. पंचवीस-तीस सकाळी आमचे वडील बंधू आमचे मन मोडू नये म्हणून न कळणारे शब्द ऐकत बसले होते. त्या दिवसापासून आम्ही या विषयाचा हिशेब मुळापासून मांडावयास घेतला. नातवाने तांत्रिक भाग समजावून दिला. पडताळा आम्ही पाहिला.

प्रथम यंत्राविषयी दोन शब्द. आजही बहुतेक स्पीकर ज्या तत्त्वावर चालतात, त्याची रीतसर मांडणी अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिक कंपनीतील राइस व केलॉग या दोघांनी १९२५ साली केली. कागदाच्या शंकूस तारेचे वेटोळे चिकटविलेले असते. ते चुंबकाच्या खाचेत मागेपुढे हलते आणि शंकू हवेस ढकलतो. शंकू जितका मोठा, तितका खर्जाचा स्वर त्यास सुलभ. लहान शंकूस बारीक स्वर सुलभ. संगणकाकडे पाहू जाता, १९८१ साली आलेल्या आय.बी.एम.च्या घरगुती संगणकात केवळ टीं-टीं करण्यापुरता स्पीकर होता. पुढे १९८९ साली सिंगापूरच्या क्रिएटिव्ह कंपनीची ‘साउंड ब्लास्टर’ ही पट्टी आली, आणि त्यानंतर संगणकास वेगळे स्पीकर जोडण्याची प्रथा घरोघर पसरत गेली.

आता त्या पाच हजार वॅटची गोष्ट. खोक्यावर दोन प्रकारचे आकडे असतात. एक ‘पी.एम.पी.ओ.’, हा क्षणमात्र गाठता येईल अशा शिखराचा आकडा, आणि तो काढण्याची सर्वमान्य रीतच नाही. दुसरा ‘आर.एम.एस.’, हा यंत्र सतत किती शक्ती देऊ शकते त्याचा आकडा. आमच्या खोक्याच्या तळाशी, चष्मा लावून पाहिले तेव्हा, बारीक अक्षरांत दुसरा आकडा सापडला. तो होता अवघा चाळीस. पोत्यातला सर्वांत टपोरा दाणा दाखवून सारे पोते त्या भावाने विकावे, तसा हा प्रकार. तेव्हा व्यापारी बंधूंनी पहिला आकडा वाचूच नये. दुसराच विचारावा, आणि तो छापलेला नसेल तर माल खाली ठेवावा.

याहून सोपी एक पारख आहे. पुष्कळसे स्वस्त स्पीकर संगणकाच्या यू.एस.बी. छिद्रातूनच वीज घेतात. यू.एस.बी. २.० या जुन्या पद्धतीच्या छिद्रातून ५ व्होल्ट दाबाने ५०० मिलिअँपिअर वीज मिळते; म्हणजे गुणाकार अडीच वॅटचा होतो. नव्या ३.० पद्धतीत ९०० मिलिअँपिअर, म्हणजे साडेचार वॅट. असे असता त्याच तारेवर चालणाऱ्या डब्यावर ‘१०० वॅट’ छापलेले दिसले, तर अडीच किलो आवक असलेल्या वखारीतून शंभर किलोंची जावक दाखविल्यासारखे ते आहे. त्यासाठी विज्ञानाची पदवी नको. रोजमेळ लिहिता येणे पुरे.

बरे, अडीच वॅट म्हणजे फार थोडे, असेही समजू नये. शक्ती दुप्पट केली तरी आवाज केवळ ३ डेसिबलने वाढतो. कानास आवाज दुप्पट वाटावा तर शक्ती सुमारे दहापट लागते. साधे संभाषण ६० डेसिबलच्या आसपास असते, आणि लहानसा स्पीकरही एका वॅटवर हातभर अंतरात त्याहून कितीतरी मोठा आवाज देतो. मेजाजवळ बसून ऐकणाऱ्यास खरे पाहता दोन-चार वॅट पुष्कळ झाले. उरलेले वॅट शेजाऱ्यांसाठी असतात.

मग एवढ्या आवाजात अण्णांस शब्द का कळू नयेत? याचे कारण आम्हांस कळले तेव्हा सारा उलगडा झाला. तरुण मनुष्याचा कान सुमारे २० पासून २०,००० हर्ट्झपर्यंतचे स्वर ऐकतो. वय वाढते तशी ही मर्यादा वरच्या टोकाकडून आखडत येते. खर्ज पुष्कळ काळ टिकतो. आता बोलण्यात स्वरांचा भरणा खालच्या पट्टीत असतो, आणि स, श, त, थ, फ यांसारखी व्यंजने मुख्यतः दोन हजार हर्ट्झच्या वरच्या पट्टीत असतात. आवाजाचा भार स्वर वाहतात, पण ‘साठ’ की ‘आठ’ हे व्यंजन सांगते. त्यात खालचा घुमारा जोरदार असला की तो वरच्या बारीक ध्वनीस झाकून टाकतो. आमच्या संचाचा सारा जोर घुमाऱ्यावर, तो डबा कोपऱ्यात, आणि कोपऱ्यात घुमारा आणखी वाढतो. शिवाय माजघरास फरशी व उघड्या भिंती. अण्णांच्या कानांस जे थोडके हवे होते तेच आम्ही बुडविले, आणि नको होते ते साडेचार हजार देऊन घरी आणले.

चूक कळल्यावर दुसरी खरेदी आम्ही धान्याच्या रीतीने केली. नमुना पाहिल्याखेरीज सौदा नाही. नातवाने स्वतःच्या आवाजात वीस शब्द ध्वनिमुद्रित केले. साठ, आठ, सात, पाठ, चणा, दाणा, शंभर, सत्तर असे, एकमेकांशी घोटाळा होण्याजोगे शब्द मुद्दाम निवडले. ओळखीच्या दुकानदाराकडून तीन लहान संच दोन दिवसांसाठी जांगड आणले. त्यांच्या किमती अनुक्रमे ९००, १८०० व ३२०० रुपये. किमतीच्या चिठ्ठ्या झाकल्या. सर्वांचा आवाज नातवाने सारखा ठेवला, कारण थोडा मोठा वाजणारा माल नेहमी चांगलाच भासतो. शब्दांचा क्रम दर वेळी बदलला. अण्णांच्या हाती कागद व पेन्सिल दिली आणि जे ऐकू येईल ते लिहावयास सांगितले.

आमच्या जुन्या भपकेबाज संचावर वीसपैकी अकरा शब्द बरोबर आले. नऊशेच्या संचावर पंधरा, अठराशेच्या संचावर अठरा, आणि बत्तीसशेच्या संचावरही अठराच. अठराशेचा संच ठेवून घेतला, बाकीचे दोन परत केले. त्यात डबे दोनच आहेत. प्रत्येकात एकच लहान शंकू, वेगळा घुमारा नाही.

परंतु येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. नंतर कुतूहल म्हणून जुना मोठा डबा कोपऱ्यातून बाहेर काढला, त्याच्या घुमाऱ्याची खुंटी अगदी खाली आणली, आणि दोन लहान डबे मेजावर अण्णांच्या कानाच्या उंचीस ठेवले. त्याच संचावर अकराचे पंधरा झाले, खर्च शून्य. म्हणून वाचकांस आमची पहिली शिफारस अशी की, नवे काही घेण्यापूर्वी घरी असलेल्या संचाची जागा बदलून पाहावी. दोन्ही डबे आणि ऐकणारा यांचा समभुज त्रिकोण व्हावा. डब्यांची तोंडे ऐकणाऱ्याकडे असावीत. मागची भिंत वीतभर तरी दूर असावी. तो जुना संच आज आमच्या चिरंजीवांच्या खोलीत आहे, आणि चित्रपटातील गाण्यांस तो खरोखर बरा आहे. माल वाईट नव्हता. तो कोणासाठी घ्यावयाचा, याचा विचार आम्ही केला नव्हता.

खरेदीच्या वेळी ध्यानात ठेवण्याजोग्या आणखी काही बाबी. काहीही न वाजविता आवाजाची खुंटी पूर्ण वर न्यावी आणि कान लावावा. गुणगुण वा सुसकारा फार असेल तर संच परत करावा. आवाजाची खुंटी समोरच्या बाजूस असावी, म्हणजे वृद्ध मनुष्यास मागे चाचपडावे लागत नाही. बिनतारी स्पीकर दिसावयास सुटसुटीत खरा, पण त्यात आवाज किंचित मागून येतो, ओठ व शब्द जुळत नाहीत, आणि जोडणी तुटली की घरात जाणता मनुष्य शोधावा लागतो. संगणक एका जागी असता तारेचा संच स्वस्तही पडतो व निर्धोकही. वेगळा अ‍ॅडॉप्टर येत असेल तर त्यावर भारतीय मानक ब्यूरोची नोंदणीखूण पाहावी. पावती व हमीपत्र जपावे. आणि घरगुती वापराचा हा खर्च दुकानाच्या वह्यांत घालून जी.एस.टी.ची वजावट घेण्याचा मोह टाळावा. खासगी उपभोगाच्या वस्तूवर ती मिळत नाही.

शेवटची गोष्ट अशी की, स्पीकर हे कानाचे औषध नव्हे. अण्णांस आम्ही कानाच्या डॉक्टरांकडेही नेले, आणि ते आधीच करावयास हवे होते.

नवा संच बसविल्यावरच्या पहिल्याच रविवारी हैदराबादेहून कन्येचा फोन संगणकावर आला. आजवर ती जे बोले ते वहिनी मोठ्याने अण्णांस पुन्हा सांगत. त्या सवयीने ती आईस हळूच म्हणाली, “आई, अण्णांना आत्ताच सांगू नको, पण दिवाळीला यायचं जमेलसं दिसत नाही.”

वहिनी काही बोलण्यापूर्वी अण्णा म्हणाले, “कळलं मला. मग संक्रांतीला तरी ये.”

क्षणभर दोन्हीकडे शांतता पसरली आणि मग सगळेच हसू लागले. वहिनींनी डोळ्यांस पदर लावला. अठराशे रुपयांच्या मालाची याहून चांगली पावती आम्हांस नको आहे. वाचकांपैकी कोणास हे वीस शब्द हवे असतील, तर त्यांनी आमच्या दुकानी अवश्य यावे. नातू ते आनंदाने देईल. मात्र घरच्या वडीलधाऱ्यांस आधी एवढे विचारून यावे, की आवाज येतो की शब्द कळतात?