सेकंदाला १५,६२५ रेघा

जुना कॉम्प्युटर पाहायचा तर लोक हौशी संग्राहकांची कपाटं धुंडाळतात. कोल्हापुरात तो शिरोलीच्या नाहीतर गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत सापडतो. कूलंटच्या वासात, लेथच्या अंगाला चिकटलेला, आणि अजून पाळीवर.

फाउंड्रीतून आलेलं कास्टिंग मशीनिंगला घेणाऱ्या लहान शॉपला नवं सीएनसी झेपत नाही. मग सेकंडहँड यंत्र येतं, आणि त्यावर बहुधा जपानच्या फॅनक कंपनीचा कंट्रोल, म्हणजे यंत्र चालवणारा कॉम्प्युटर, असतो. या कंपनीची झिरो मालिका १९८५ची. बेड, स्पिंडल, बॉलस्क्रू यांची निगा राखली तर असं यंत्र तीस वर्षांनीही मायक्रॉनमध्ये बोलतं. आधी दगा देतो तो पडदा. नऊ इंची एकरंगी पिक्चर ट्यूब, तिच्यावर वर्षानुवर्षं पोझिशनचं एकच पान उघडं. आकडे काचेआतल्या लेपावर कायमचे उमटतात. यंत्र बंद असतानाही एक्स आणि झेड वाचता येतात. पुढे उजेड मंदावतो, चित्र आकसतं, आणि एका सकाळी ईएचटी (ट्यूबला हजारो व्होल्ट देणारा ट्रान्सफॉर्मर) जातो. यंत्र ठणठणीत, पण ऑपरेटर आंधळा. नवी ट्यूब शोधावी तर तो धंदाच जगातून उठला आहे. आपल्या तेव्हाच्या औरंगाबादची व्हिडिओकॉन कंपनी पिक्चर ट्यूब बनवणाऱ्या अगदी शेवटच्या कंपन्यांपैकी एक होती. तिनेही २०१५च्या सुमारास हे काम थांबवलं.

मग पहिला उपाय सुचतो तो वायरीचा. ऑफिसातला पडून असलेला एलसीडी मॉनिटर आणायचा, यंत्राच्या सिग्नलच्या तारा त्याच्या पंधरा पिनांच्या प्लगला जोडायच्या. मॉनिटर क्षणभर जागा होतो, ‘आउट ऑफ रेंज’ म्हणतो आणि झोपतो. वायरिंग अचूक असूनही चित्र येत नाही, कारण भांडण तारेचं नसून वेळेचं असतं.

ट्यूबमधला इलेक्ट्रॉनचा झोत डावीकडून उजवीकडे रेघ ओढतो, परत येतो, खालची रेघ ओढतो. भारतातला जुना टीव्ही ६२५ रेघांचा, सेकंदाला २५ पूर्ण चित्रांचा. गुणाकार केला की सेकंदाला १५,६२५ रेघा. ऐंशीच्या दशकातल्या कॉम्प्युटरवाल्यांनी हाच किंवा याच्या आसपासचा वेग उचलला, कारण त्या वेगाची ट्यूब, कॉइल, ट्रान्सफॉर्मर हे सगळं टीव्हीच्या कारखान्यांतून स्वस्तात मिळत होतं. १९८१ सालचा ब्रिटिश बीबीसी मायक्रो असाच. भारत सरकारने १९८४-८५मध्ये ‘क्लास’ योजनेखाली सुरुवातीला सुमारे अडीचशे शाळांत पोचवला तोच हा कॉम्प्युटर. घरच्या टीव्हीलाही तो जोडता येई. आयबीएमने १९८७ साली व्हीजीए आणलं आणि वेग दुप्पट झाला: सेकंदाला सुमारे ३१,५०० रेघा. आजचे बहुतेक मॉनिटर या आकड्याच्या खाली उतरतच नाहीत. जुन्या ब्लॅक अँड व्हाइट टीव्हीला मागे ‘होल्ड’चा खुंटा असायचा. चित्र पळायला लागलं की तो पिळून संच सिग्नलच्या चालीला आणता येई. आताच्या मॉनिटरला असा खुंटा नाही. पटलं तर दाखवतो, नाहीतर नाही.

प्लगचा आकार पाहून निर्णय घेणारा तर हमखास फसतो. पीसीच्या पहिल्या काळात एमडीए, सीजीए, ईजीए अशी तीन प्रकारची कार्डं होती आणि तिन्हींना एकसारखाच नऊ पिनांचा प्लग. एमडीएचा वेग मात्र सेकंदाला १८,४३२ रेघा, सीजीएचा साधारण १५,७००. आयबीएमचा मूळ एकरंगी मॉनिटर चुकीच्या कार्डाला जोडला तर खराब होऊ शकत असे. पुण्यात १९८८ साली सी-डॅक स्थापन झाली. तिच्या जिस्ट कार्डाने मूळ सॉफ्टवेअरला हात न लावता पीसीच्या पडद्यावर देवनागरी आणली, तीही याच नऊ पिनांच्या जमान्यात. त्या काळचा असा मराठी पीसी एखाद्या संस्थेच्या अडगळीत असेल तर चालू करण्याआधी आत कुठलं कार्ड आहे ते पाहावं.

लेथला तारलं ते व्हिडिओ गेमने. नाणं टाकून खेळायच्या जुन्या गेम-यंत्रांच्या ट्यूबही अशाच मरत होत्या. त्यांच्यासाठी चीनमध्ये तळहाताएवढे कन्व्हर्टर बोर्ड निघाले. त्यातला जीबीएस-८२०० हा सगळ्यात फिरलेला. जुन्या वेगाचा सिग्नल घ्यायचा, आकड्यांत बदलून मेमरीत ठेवायचा आणि नव्या वेगाने व्हीजीएला द्यायचा, एवढंच त्याचं काम. हाच बोर्ड आज सीएनसीतही बसतो. फॅनकच्या नऊ इंची ट्यूबला २४ व्होल्ट लागतात, बोर्डाला ५, म्हणून मधे एक छोटा व्होल्टेज कमी करणारा तुकडा घालावा लागतो. काही यंत्रांचा सिग्नल ५ व्होल्टचा असतो, तर व्हीजीएच्या रीतीत चित्राची तार ०.७ व्होल्टच्या वर जात नाही. तिथे रेझिस्टर लावून तो उतरवायचा, नाहीतर अक्षरं पांढऱ्या डागांसारखी फुटतात. एकरंगी चित्राची तार फक्त हिरव्याच्या पिनेला दिली की पडदा हिरवा येतो. जुन्या हिरव्या पडद्याला सरावलेल्या डोळ्यांना तेच बरं पडतं. आणि जुनी ट्यूब काढताना घाई नको: वीज बंद केल्यावरही तिच्यात हजारो व्होल्ट दबा धरून बसतात.

पडदा लागला म्हणजे काम झालं असं मात्र नाही. हा बोर्ड सिग्नलचे नमुने स्वतःच्या घड्याळाने घेतो, यंत्राच्या नव्हे. ठिपक्याच्या मध्यावर नमुना पडायला हवा. तो कडेवर पडला की अक्षरं थरथरतात, उभ्या रेघा फुगतात किंवा पुसट होतात. शिवाय एकाखाली एक सरळ रेघांचं साधं चित्र त्याला टीव्हीसारखं अर्ध्या-अर्ध्या रेघांचं वाटतं आणि तो नसलेल्या रेघा भरायला जातो. गेम खेळणाऱ्याची तक्रार उशिराची असते: पन्नास हर्ट्झला एक चित्र मेमरीत अडलं की २० मिलिसेकंद गेले. लेथवाल्याने याची फिकीर करू नये. टूल पडद्याच्या सांगण्यावर चालत नाही. त्याची फिकीर वेगळी. टूल ऑफसेटच्या पानावर ०.३ आणि ०.८ यांत फरक दिसला नाही तर जॉब भंगारात. म्हणून बोर्डावरचं क्लॉक (नमुन्यांचा वेग) आणि फेज (नमुना पडण्याची जागा) जुळवण्यात अर्धा दिवस गेला तरी तो वाया गेला असं मी मानणार नाही. पंधरा मिनिटांत ‘चित्र आलं’ म्हणून हात पुसणारे फिटर मला खटकतात.

हौशी मंडळींनी या दुखण्यावर नेमकं औषध शोधलं आहे. बीबीसी मायक्रोसाठी सुरू झालेल्या ‘आरजीबी टू एचडीएमआय’ या खुल्या प्रकल्पात रास्पबेरी पाय झिरो हा चिमुकला कॉम्प्युटर मूळ यंत्राच्या ठिपक्यांचा वेग आणि फेज जुळवून घेतो. एक ठिपका आत, तोच ठिपका बाहेर. असलं काम कोल्हापूरच्या उद्यमनगरात कुणाला अवघड वाटू नये. याच गावात बाबूराव पेंटरांनी सिनेमाचा कॅमेरा स्वतः तयार केला आणि १९२० साली ‘सैरंध्री’ पडद्यावर आणला. तेव्हाही हातच चालले.

पूर्ण कंट्रोल बदलावा असा सल्ला विक्रेते देतात. ड्राइव्ह, मोटर, वायरिंग सगळंच थकलं असेल तर तो बरोबर आहे. फक्त पडदा गेला असेल तर तो सल्ला ऐकू नये. पण रुंद पडदाही घेऊ नये. जुनं चित्र ४:३ मापाचं. रुंद पडद्यावर आकडे आडवे ताणले जातात. आठ-दहा इंची चौकोनी एलसीडी जुन्या खिडकीत जवळपास बसते.

आणि पडदा लागला की पहिल्यांदा पॅरामीटरची पानं उघडायची. फॅनक झिरोची ही सगळी माहिती बॅटरीवर तगून असते. बॅटरी संपली की यंत्राला स्वतःची ओळखही उरत नाही. पडदा मेलेला असताना बॅटरी कमी झाल्याचा इशारा कुणी वाचलेला नसतो. म्हणून एकेक पान मोबाइलवर टिपायचं, जमल्यास सीरियल पोर्टमधून सगळा डेटा लॅपटॉपवर उतरवायचा, मगच बॅटऱ्या बदलायच्या, आणि तेही यंत्र चालू ठेवून.