पेले सारखे, बाटली निराळी

आमच्या सोनागिरीतील घरी रविवारी सकाळी पोहे आणि मध्यान्ही वरण-भात हा क्रम वर्षानुवर्षे अबाधित होता. गेल्या फाल्गुनात बंगळुरास नोकरी करणारा आमचा पुतण्या सुटीवर आला आणि त्याने या दोहोंची सांगड घालून अकरा वाजता मंडळींना ‘ब्रंच’ला बोलावण्याचा घाट घातला. हा शब्द १८९५ साली गाय बेरिंजर या इंग्रज लेखकाने वापरला होता, हे आम्ही शिक्षकी सवयीने त्यास सांगितलेच. बेत थालीपीठ आणि साबुदाण्याचे वडे यांचा ठरला. मग तो जरा चाचरत म्हणाला, “काका, सोबत जिन आणि लिंबू ठेवले तर चालेल ना?”

आम्ही स्वतः मद्य घेत नाही. परंतु तिशीतल्या मुलाने चोरून न करता विचारले, याचे मोल आम्हांस अधिक वाटले. अडचण निराळीच होती. निमंत्रितांत आमचे एक जुने सहकारी होते. त्यांनी मोठ्या कष्टाने दारू सोडली आहे. पूर्वी एका मेजवानीत “एकच घ्या हो” असा आग्रह झाल्याने त्यांना चारचौघांत आपल्या आजाराची कहाणी सांगावी लागली होती आणि ते न जेवताच परतले होते. तो प्रसंग आमच्या घरी पुन्हा घडू द्यायचा नव्हता.

वास्तविक जिन म्हणजे धान्यादिकांच्या मद्यार्काला जुनिपरच्या फळांचा गंध दिलेले पेय. हे फळ आपल्या आयुर्वेदास ‘हपुषा’ या नावाने परिचित आहे. त्याच्या कडवट सुवासाशी लिंबू-संत्र्याचा आंबटपणा चांगला जुळतो. मद्य, साखर, लिंबू, पाणी आणि मसाला यांच्या पेयास इंग्रज ‘पंच’ म्हणत; ते नाव आपल्या ‘पाच’वरूनच गेले असावे, असे अनेक कोशकारांचे मत आहे. या पाचांतील मद्य वगळले, तर उरते ते आपले सरबतच!

तेव्हा आम्ही सुचविले, की सरबत सर्वांसाठी एकच करावे आणि जिनची बाटली बाजूच्या मेजावर असावी. त्या दिवसांत मृगबहाराची संत्री बाजारात होती. समभाग साखर-पाण्याचा पाक करून निववला. दर पेल्यास ६० मिलिलिटर संत्र्याचा रस, २० मिलिलिटर लिंबाचा रस, १५ मिलिलिटर पाक आणि चिमूटभर सैंधव हे प्रमाण धरले. रस ऐन वेळी काढला, कारण तो ठेवला की कडवटतो. बियाही चिरडू दिल्या नाहीत. भांडे काचेचे घेतले, कारण आंबट रस पितळेस लागतो. वर थंड सोडा आणि सालीची पातळ चकती. सुवासिक तेल सालीच्या रंगीत भागात असते. आतला पांढरा भाग कडू, म्हणून तो काढून टाकला.

ज्यास हवे त्याने आपल्या पेल्यात ३० मिलिलिटर जिन मापून घ्यावी, असे ठरले. मात्र वाहन चालविणाऱ्यास नाही, आणि आपल्या प्रांताच्या कायद्याप्रमाणे २१ वर्षांखालील कोणासही नाही. आग्रह फक्त वड्यांचा करावयाचा, ही आमच्या सौभाग्यवतींची पुरवणी!

मंडळी जमली. पेले सारखे, रंग सारखा; कोणाच्या पेल्यात काय आहे, हे कोणी पाहिले नाही आणि विचारलेही नाही. आमचे सहकारी दोन पेले सरबत घेऊन, पोटभर जेवून, सर्वांत शेवटी उठले. पायरीवर चपला घालताना त्यांनी एवढेच विचारले, “हेडमास्तर, संत्री पांढुर्ण्याची की नागपूरची?”

आम्ही म्हटले, “पांढुर्ण्याची. पुढच्या रविवारी पुन्हा या.”